कुणीच दखल घेतली नाही

गतवर्षी निकालपत्रके तयार करण्याच्या ऐन घाईत शाळेचा जुना संगणक रुसून बसला. एकेक तक्ता उघडावयास मिनिटेच्या मिनिटे लागू लागली. साऱ्या मुलांचे गुण त्याच्या पोटात, मी धास्तावलो. हार्ड डिस्क निकामी झाली असे ठरवून मोकळाही झालो.

योगायोगाने एक माजी विद्यार्थी भेटीस आला. प्रथम त्याने गुणांची प्रत काढून घेतली, मग यंत्राची रोजनिशी उघडली. लिनक्स प्रणालीच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, तीत लिहिले होते : ‘आयआरक्यू १६ : नोबडी केअर्ड’. कुणीच दखल घेतली नाही!

त्याने मला उलगडून सांगितले. मागितलेली माहिती हाती आली, की डिस्कचा कंट्रोलर घंटा वाजवितो. तिलाच इंटरप्ट म्हणतात. जुन्या यंत्रांत दोन-तीन उपकरणे एकाच घंटेच्या दोरीला बांधलेली असतात. घंटा वाजताच कर्नल प्रत्येकाच्या ड्रायव्हरला विचारतो, ‘ही तुमची का?’ सारेच नाही म्हणाले, तर ती वाया गेली. एक लाख घंटांपैकी ९९,९०० हून अधिक अशा वाया गेल्या, की तो ती दोरीच बंद करतो. न केली तर त्याचा सारा वेळ घंटा ऐकण्यातच जावयाचा. पुढे तो मधूनमधून स्वतःच डोकावतो. त्यामुळे काम अगदी थांबत नाही, पण रखडते.

“सर, डिस्क निर्दोष आहे. तिच्या दोरीवरचा शेजारी उगाच घंटा वाजवतोय.”

एकेक उपकरण काढून, दर खेपेस यंत्र नव्याने सुरू करून, त्याने घंटांची मोजदाद पाहिली. जुने नेटवर्क कार्ड निघाले आणि आकडा ताळ्यावर आला. नव्या यंत्रांत प्रत्येक उपकरण आपला निरोप स्वतंत्रपणे धाडते, म्हणून हा घोळ आता क्वचितच होतो, असेही तो म्हणाला.

निकाल वेळेवर लागला. पण मला एक जुना वर्ग आठवत राहिला. नववीच्या शेवटच्या बाकावरील एक मुलगा सदा निष्कारण हात वर करी. वैतागून मी त्या बाकाकडे पाहणेच सोडले. त्याच बाकावर आणखी एक अबोल मुलगा बसे. त्याचाही हात क्वचित वर होई. पुढे तो होईनासा झाला. वर्षाअखेरीस तो नापास झाला आणि पुन्हा शाळेत आला नाही.

कर्नलने निदान नोंद तरी ठेवली होती. माझ्या त्या वर्षीच्या रोजनिशीत त्या मुलाविषयी एक ओळही नाही.