ओवीखालचं नाव

लोकसाहित्य अनामिक असतं, हे वाक्य एम.ए.ला मी इतक्या वेळा लिहिलं की त्याच्याबद्दल शंका यायला जागाच उरली नाही. मौखिक, परंपरागत, सामूहिक आणि अनामिक: चार विशेषणं, प्रत्येकावर एक परिच्छेद, की प्रश्न खिशात. मला ते मनापासून पटलंही होतं. ओवी कुणा एकीची नसते, साऱ्यांची असते, यात काहीतरी उदात्त वाटायचं. पीएच.डी.च्या टिपणवहीतही मी गाव, तारीख आणि विषय एवढेच रकाने आखले होते. गाणाऱ्या बायका म्हणजे 'माहितीदाता एक', 'माहितीदाता दोन'.

आता मला तसं वाटत नाही.

भोर तालुक्यातल्या एका लग्नघरात हळद दळायला बायका बसल्या होत्या. जातं धुतलेलं, त्याला सुपारी बांधलेली. दळण नावापुरतंच, खरी हळद दुकानातून आलेली. एकीनं लेक मुंबईला गेल्याची ओवी घेतली, तोच दुसरीनं अडवलं, "ही तुझी न्हाई गं, धाकल्या काकीची. तिचा थोरला मिलात लागला तवा तिनं केली." मग वाद जुंपला. पहिली ओळ काकीच्या सासूची, दुसरी काकीची, असा निवाडा होईपर्यंत जातं थांबलेलंच. कुणी काय रचलं याचा हिशेब त्यांच्याकडे चोख होता. माझ्या वहीत मात्र त्यासाठी रकानाच नव्हता.

त्यानंतर मला बहिणाबाई चौधरी आठवत राहिल्या. जात्यावर, शेतात काम करताना गाणी रचणारी, अक्षरओळख नसलेली बाई. घरात सोपानदेवांसारखा कवी मुलगा होता, गाणी उतरवून ठेवली गेली, अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. म्हणून त्या आमच्याकडे कवितेच्या पेपरात आहेत, जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मुलगा लिहिणारा नसता तर? एखाद्या संग्रहात 'सासर-माहेर' या मथळ्याखाली दोन-चार ओव्या आल्या असत्या, आणि मी त्यांना अनामिक म्हटलं असतं. होनाजी बाळा, अनंत फंदी यांनी कवनांत आपली नावं गुंफली, तर ते शाहिरी काव्य म्हणून वेगळ्या पेपरात गेले. नाव असलेलं सगळं असं आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्याला नाव नसतं असा सिद्धांत मांडायचा, ही आमची शास्त्रीय पद्धत!

नाव टिपायलाच हवं, हे संशोधक हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांना कधीच उमगलं होतं. जात्यावरच्या ओव्यांच्या त्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या हजारावर गावांमधून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, त्या गाणारीच्या आणि गावाच्या नावासकट. २०१७पासून 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या येऊ लागल्या, तेव्हा ओवीबरोबर बाईचं वय, जात, मुलंबाळं, कामधंदा हेही वाचायला मिळू लागलं. सासुरवासाची ओवी सोळाव्या वर्षी सासरी आलेलीनं म्हटली की सुना आलेलीनं, यानं अर्थ किती बदलतो! विषयवार वर्गीकरणात नेमकं तेच गळतं.

नाव लिहिणं सोपं मात्र नाही. काही जणी ठाम सांगतात, माझी नाही, आईची. आई म्हणाली असती, तिच्या आईची. आणि एकीनं दिराच्या वाटणीवरची झणझणीत ओवी म्हटली, मग माझ्या मोबाइलवर हात ठेवला, "नाव नगं घालू, तो अजून जित्ता हाय." तिच्या ओवीखाली मी 'नाव सांगायचं नाही' असं लिहिलं. माझ्या मार्गदर्शकांना ते अशास्त्रीय वाटतं. मला वाटतं, 'अनामिक'पेक्षा ते कितीतरी अचूक आहे. लपवलेलं नाव आणि नसलेलं नाव एकाच रकान्यात कसं टाकायचं?

हल्ली मी तासिका तत्त्वावर लोकसाहित्याचा हाच पेपर शिकवते. वर्गात हे सगळं सांगते, भांडणंही होतात. परीक्षेत व्याख्या आली तर मात्र जुनीच लिहा म्हणते. गुण तिथेच आहेत.