पेवात उतरताना

मैंदर्गीच्या आमच्या जुन्या घरात, सोप्यावरच्या फरशीचा एक चौकोन बाकीच्यांपेक्षा थोडा फिकट आहे. त्याच्याखाली पेव होतं. आता मुरूम टाकून बुजवलंय. घरात त्याला पेव कुणीच म्हणत नसे, ‘हगेव’ म्हणत. अक्कलकोट तालुक्याच्या या टोकाला हे असंच चालतं. शाळा मराठीत, सातबारा मराठीत, आणि भाकरी मागायची ती कानडीत.

पेवाचं तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं आणि पोट रांजणासारखं फुगलेलं. आत कडब्याचं अस्तर लावून ज्वारी ओतायची, वर शिळा ठेवायची आणि सांधे चिखलानं लिंपायचे. उघडल्यावर मात्र लगेच कुणी उतरत नसे. कोंडलेलं धान्यही श्वास घेतं. त्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी दबा धरून बसतो. घाईनं उतरलेला माणूस वर येत नाही. म्हणून अज्जा, म्हणजे आजोबा, शिळा सरकवून पेव बराच वेळ उघडं ठेवायचा आणि मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. ज्योत विझली की थांबायचं. जळत राहिली की माणूस.

नऊ-दहा वर्षांचा असताना एकदा मी उतरलो. कमरेला दोर, वर अज्जा. तो हात हात दोर सोडत मोजत होता : वंद, एरड, मूर, नाक... तळाला पाय टेकले आणि वर पाहिलं, तर आभाळाऐवजी ताटाएवढा उजेड. एवढंच आठवतं. भ्यालो होतो की नाही, ते आठवत नाही.

हे सारं पुन्हा वर आलं ते पन्नाशी ओलांडल्यावर. कंबर धरली, पायात कळ जायला लागली, एमआरआय सांगितला. त्या यंत्राच्या बोगद्यात दोनदा सरकवलं आणि दोन्ही वेळा मी हात मारत बाहेर आलो. तंत्रज्ञ बिचारा समजुतीचा होता. ‘गुंगीचं इंजेक्शन घेऊन करता येतं,’ म्हणाला, ‘नाहीतर आधी ही भीती कुणाला तरी दाखवा.’ भीती दाखवायची असते, हेच मला नवीन होतं. आमच्याकडे ती लपवायची असते, फार तर उतरवून घ्यायची.

सोलापुरातल्या ज्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो, त्या संमोहन उपचार करत. हा शब्द ऐकताच आपल्या मराठी मनात एक अख्खी जत्रा उभी राहते. भूल, भुरळ, मोहिनी, नजरबंदी, वशीकरण. एकही शब्द असा नाही ज्यात आपला ताबा आपल्याकडे राहतो. मी तर घड्याळाचा लंबक आणि काळा अंगरखा यांच्याच तयारीत गेलो होतो. समोर सुती साडीतल्या बाई, टेबलावर पाण्याचा तांब्या, भिंतीवर पाठीचा कणा नव्हे तर नुसतं कॅलेंडर.

पहिला अर्धा तास नुसती विचारपूस. झोप कशी, औषधं कोणती, फिट येते का, कधी भास झाले का, घरात कुणाला मानसिक आजार. सगळ्यांसाठी हा उपचार योग्य नसतो, हे त्यांनी आधीच सांगितलं. भास-भ्रमांचा आजार असेल तर तो टाळतात. सगळ्यांना तो सारखा लागूही पडत नाही. काही जण पटकन खोल जातात, काही काठावरच राहतात. पुढच्या वाक्यानं मी सैल झालो : ‘तुम्हाला सगळं ऐकू येणार आहे. नको वाटलं की डोळे उघडायचे.’

मला अज्जाचा कंदील आठवला. हे झाकण उघडं ठेवणंच होतं.

मी विचारलं, ‘लहानपणी पेवात उतरलो होतो, त्याचीच ही भीती असेल का? संमोहनात शोधून काढता येईल?’ बाई म्हणाल्या, ‘तसं खणत बसायचं नाही. संमोहनात आठवलेलं खरंच असतं असं नाही. मन रिकाम्या जागा भरतं आणि भरलेलं खरंच वाटतं. आपण आजच्या भीतीशी बोलू.’ हे ऐकून थोडी निराशा झाली, खोटं कशाला सांगू? आपल्या आयुष्यात एखादं दडलेलं रहस्य असावं, अशी प्रत्येकाची इच्छा असते.

मग खुर्ची मागे कलली. छताच्या एका ठिपक्याकडे बघायचं, पापण्या जड झाल्या की मिटू द्यायच्या. श्वास सोडताना खांदे सोडायचे, मग हात, मग जबडा. जबडा आपण दिवसभर आवळून धरलेला असतो, हे मला त्या दुपारी कळलं. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजत होता. नाकाच्या शेंड्याला खाज आली, ती मी खाजवलीही. काही बिघडलं नाही.

बाई मोजू लागल्या : दहा, नऊ, आठ. प्रत्येक आकड्याला एक पायरी खाली. शेवटी म्हणाल्या, ‘आता समुद्रकिनारी आहात.’ मैंदर्गीच्या माणसाला समुद्र कुठला? मी किनाऱ्यावर जाऊच शकलो नाही. मी पोचलो ज्वारीच्या ताटांत. माघाची थंडी, हुरड्याचा धूर, कणसांवरून सळसळत जाणारा वारा. आणि कानात बाईंच्या आवाजाखालून दुसरा आवाज : वंद, एरड, मूर. बाई उतरत्या क्रमानं मोजत होत्या, अज्जा चढत्या. खोली मात्र एकच होती.

नंतर हे सांगितल्यावर बाई हसल्या. ‘तेच बरं,’ म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी समुद्र रद्द.’

संमोहनावरून आठवलं : पणजीला मांडवीकाठी, जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, 1945 सालचा. झगा घातलेला उंच पाद्री हात पसरून उभा, आणि त्या हातांखाली मागे कलंडणारी बाई. बघणाऱ्याला वाटतं, याच्या बोटांतून काहीतरी सुटतंय. गंमत अशी की हा माणूस याच्या उलट सांगत होता. बार्देशातल्या कांदोळीचा हा गोंयकार, जन्म 1756 चा. पॅरिसला त्या काळी मेस्मरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची हवा होती, उपचार करणाऱ्यातून एक अदृश्य द्रव रोग्यात शिरतो म्हणे. फारिया 1813 पासून तिथं जाहीर प्रयोग करू लागला. समोरच्याला खुर्चीत बसवायचं, मन एकाग्र करायला सांगायचं आणि म्हणायचं, झोप. त्याचं म्हणणं : माझ्यात शक्ती नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्याच मनात घडतं. लोकांनी त्याची टिंगल केली, त्याच्यावर नाटकही रचलं. 1819 साली त्याचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी तो वारला. पुढे 1843 मध्ये जेम्स ब्रेड या मँचेस्टरच्या शल्यविशारदानं ग्रीक निद्रादेवतेवरून या विद्येला इंग्रजीत आज रूढ असलेलं नाव दिलं. खरं तर ही झोप नव्हेच.

फारियाची एक आख्यायिका गोव्यात सांगतात. लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि शब्द फुटेना. तेव्हा जवळच असलेला बाप कोकणीत पुटपुटला, ‘कातर रे भाजी.’ समोर बसलेत ती सगळी भाजी आहे, काप! आणि पोराची वाणी मोकळी झाली. घडलं असेल, नसेल. मला त्यातलं खरं वाटतं ते एवढंच, की लॅटिन-पोर्तुगीज शिकलेल्या त्या पंडिताला धीर पोचला तो घरच्या बोलीतून.

तिसऱ्या बैठकीत बाईंनी मला विचारलं, ‘भिऊ नका, याला तुमच्याकडे काय म्हणतात?’ मी म्हणालो, ‘अंजबेड.’ अक्कलकोटच्या स्वामींचं अभयवचन आमच्याकडे दर दुसऱ्या जीपच्या काचेवर लिहिलेलं असतं. ते मराठीत वाचून वाचून गुळगुळीत झालंय. हा शब्द मात्र अजून खरखरीत होता, अज्जाच्या तळहातासारखा. बाईंनी तो आपल्या सोलापुरी मराठी उच्चारात म्हटला, चुकीच्या जागी जोर देऊन. तरी पोचला.

मग घरी रोज दहा मिनिटं हाच सराव. बाई नाहीत, खुर्ची नाही. सोप्यावर सतरंजी, त्या फिकट फरशीशेजारी. उतरायचं, थोडं थांबायचं, मोजत वर यायचं.

एमआरआयच्या दिवशी तंत्रज्ञानं माझ्या मुठीत एक रबरी फुगा दिला. ‘त्रास झाला तर दाबा, लगेच बाहेर काढतो.’ दोर हातात आला. यंत्र ठोकायला लागलं, मी डोळे मिटले.

पंचवीस मिनिटं लागली. फुगा दाबावा लागला नाही. अहवालात एक चकती सरकलेली निघाली, व्यायामानं भागेल इतपत. बोगद्यात वंदपासून हत्तपर्यंत किती वेळा मोजलं, ते सांगता येणार नाही. मोजलं मात्र कानडीत.