खुशीची सक्ति

मनुष्य तक्रार केव्हां करतो असें कोणी विचारलें, तर दुःख झालें म्हणजे करतो, असें उत्तर आपण सहज देऊन टाकूं. हें उत्तर खरें असतें तर केवळ सुखासाठीं निघालेल्या जहाजावर तक्रारीचा शब्दही ऐकूं आला नसता. गेल्या हिवाळ्यांत मी अमेरिकेंत मुलीकडे गेलों होतों. तिच्या आग्रहामुळें, मायामीहून निघून कॅरिबियन समुद्रांत सात दिवस फिरून परत येणाऱ्या एका प्रचंड जहाजावर आम्हां उभयतांना जाण्याचा योग आला. हजारों उतारू, दिवसभर उघडीं असलेलीं भोजनगृहें, पोहण्याचे तलाव, नाटकगृह आणि रोज खोली आवरून देणारा नोकर. कोणालाही कामाला हात लावण्याची गरज नाहीं. तरी तेथें सात दिवसांत जितक्या तक्रारी माझ्या कानांवर पडल्या, तितक्या आमच्या कॉलेजच्या खाणावळींत वर्षभरांतही पडत नाहींत.

पहिली तक्रार पैशाची. जहाजाचें भाडें जाहिरातींत मोठें मोहक दिसतें. परंतु लग्नाच्या बैठकींत ‘आम्हांला कांहीं नको’ असें म्हणून झाल्यावर जशी हळूहळू मानपानाची यादी निघते, तशी या भाड्यामागून आकारांची यादी निघते. किनाऱ्यावरील सहलींचे पैसे निराळे, इंटरनेटचे निराळे. साधी कॉफी फुकट, पण यंत्रांतून काढलेली फेसाळ कॉफी विकत. मद्याचें एकत्रित शुल्क एकानें भरावयाचें तर खोलींतील सर्व प्रौढांनीं तें भरलें पाहिजे, असा कित्येक कंपन्यांचा दंडक आहे. म्हणजे पतीच्या तृष्णेचा दंड निर्व्यसनी पत्नीलाही पडावयाचा!

दुसरी तक्रार नियमांची. इस्त्री किंवा विजेची किटली जहाजावर नेतां येत नाहीं. समुद्रावर आगीइतकें भय दुसऱ्या कशाचें नाहीं, हें त्यामागचें सरळ कारण. घरीं केलेले खाद्यपदार्थही चालत नाहींत. कारखान्याच्या बंद वेष्टनांत असतील तर चालतात. त्यामुळें पुण्याहून मुलीच्या घरापर्यंत सुखरूप आलेले आमचे बेसनाचे लाडू मायामीच्या धक्क्यावर अडले, आणि बाजारचा चिवडा मात्र ताठ मानेनें आंत गेला. पत्नीला हा अपमान अजून विसरवत नाहीं.

तिसरी तक्रार अन्नाची, आणि ती सर्वांत नवलाची. आदल्या दिवशीं सांगून ठेवलें तर मुख्य वाढपी भारतीय पद्धतीचें शाकाहारी जेवण करवून देत असे. भर समुद्रांत वरणभात मिळाला म्हणून ज्या नागपूरकर बाई पहिल्या रात्रीं सद्गदित झाल्या, त्याच चौथ्या रात्रीं वरणाला हिंगाचा वास नाहीं म्हणून ताट बाजूला सारूं लागल्या. आमच्या मेजावरील एक अमेरिकन गृहस्थ शेवंडाच्या दुसऱ्या ताटाला वेगळा आकार पडतो म्हणून संतापले होते. पहिलें ताट त्यांनीं अर्धें टाकलें होतें.

जहाजावरील तक्रारींना वाङ्मयांतही जुनी जागा आहे. १८४२ सालीं चार्ल्स डिकन्स ‘ब्रिटानिया’ जहाजानें अमेरिकेस गेला, तेव्हां मिळालेल्या खोलीच्या तोकडेपणाची त्यानें त्याच वर्षीं निघालेल्या ‘अमेरिकन नोट्स’मध्यें यथेच्छ थट्टा केली. पण डिकन्सची गैरसोय खरी होती. डेव्हिड फॉस्टर वॉलेस हा अमेरिकन लेखक १९९५ सालीं अशाच एका विहार-जहाजावर गेला, आणि पुढील वर्षीं ‘हार्पर्स’ मासिकांत लिहिलेल्या दीर्घ निबंधांत त्यानें निराळाच अनुभव नोंदविला. सर्व लाड पुरविले जात असतां, बंदरांत शेजारीं उभें असलेलें दुसरें जहाज त्याला आपल्या जहाजाहून अधिक शुभ्र दिसूं लागलें! लाड वाढतात तसतसा लाडांचा हक्कही वाढतो, असें त्यांतून मला दिसतें.

माझे वडील लहानपणीं मुंबईहून कोंकणांत बोटीनें जात. डेकवर वळकटी पसरावयाची, फडक्यांत बांधलेली भाकरी व चटणी खावयाची, आणि बंदर आलें कीं पडावांत उतरून किनारा गांठावयाचा. त्या प्रवासांत हाल होते. पण अन्नाविषयीं तक्रार नव्हती, कारण भाकरी घरचीच. आपलें सारें काम जेथें दुसरा करतो, तेथें तक्रारीचें बीं लवकर रुजतें. हा दुसरा कोण, असें मनांत आलें म्हणजे मात्र जहाजावरची चौथी तक्रार पुढें येते, आणि ती हंसण्यावारीं नेण्यासारखी नाहीं.

ही तक्रार बक्षिसाची. मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर दर माणशीं दर दिवशीं साधारण १६ ते २० डॉलर ‘ग्रॅच्युइटी’ म्हणून आपोआप हिशेबांत चढतात. दोघांचे आठवड्याचे अडीचशे डॉलर सहज होतात. खोली आवरणारे, वाढपी आणि पडद्यामागें राबणारे इतर नोकर यांच्यांत ही रक्कम वांटली जाते, असें कंपन्या सांगतात. ग्रॅच्युइटी या शब्दाच्या मुळाशीं संतोषानें, आपखुशीनें देण्याची कल्पना आहे. परंतु जी खुशी बोटीवर पाऊल ठेवतांच आकारली जाते, तिला खुशी कसें म्हणावें? बरें, सक्ति म्हणावी तर पुष्कळ जहाजांवर उतारूला स्वागतकक्षांत जाऊन ती रक्कम कमी करवितां येते, किंवा अजिबात काढवितांही येते. म्हणजे ही धड खुशी नाहीं आणि धड सक्तिही नाहीं.

शेवटच्या दिवशीं त्या कक्षापुढें रांग लागली. बोटीवर परिचय झालेले एक निवृत्त बँक-अधिकारी त्या रांगेंत उभे होते. मला पाहून ते म्हणाले, “प्रोफेसर, नफा कंपनीचा, नोकर कंपनीचे, मग त्यांचा पगार मी कां द्यावा?” प्रश्न बिनतोड होता. त्यांनीं आकार काढून घेतला, आणि खोलीवर जाऊन आपल्या नोकराच्या हातांत स्वतः चाळीस डॉलर ठेवले. नोकर हंसला, त्यांनाही समाधान वाटलें. त्या समाधानांत खोट नव्हती. परंतु जहाजाच्या पोटांत, जेथें खिडकी नाहीं अशा जागीं, त्यांच्या चादरी धुणारा आणि ताटें विसळणारा मनुष्य त्यांनीं पाहिला नव्हता. जो दिसलाच नाहीं, त्याला आपखुशीनें कांहीं देण्याचें सुचावें कसें?

आमच्या खोलीचें काम पाहणारा तरुण गोव्यांतील पेडण्याचा निघाला. दोन दिवस तो मला ‘सर’ म्हणे. तिसऱ्या दिवशीं आमचें मराठी कानांवर पडतांच ‘काका’ म्हणूं लागला. गोव्यांतील तारवट्यांची परंपरा जुनी आहे. त्याच्या वाड्यांतले आणखी चौघे बोटींवर आहेत. करार आठ महिन्यांचा, आणि त्यांत रविवारची सुटी नाहीं. सागरी कामगारांविषयींचा २००६ सालचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांति मिळाली पाहिजे. उरलेल्या तासांचा हिशेब वाचकांनींच करावा. आमच्या जहाजाच्या पाठीवर ‘नासाऊ’ असें नांव रंगविलेलें होतें. कचेरी अमेरिकेंत, ध्वज बहामाचा, नोकर फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि भारत यांतले. त्यामुळें अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा त्या नोकरांपर्यंत पोहोंचत नाहीं.

मीं त्याला त्या रांगेविषयीं विचारलें. तो म्हणाला, “कोणी पैसे काढले तें आम्हांला कळत नाहीं, काका. महिन्याच्या हिशेबांत कमी दिसतें, एवढेंच.” त्याच्या स्वरांत राग नव्हता. मुलगी झाली तेव्हां तो समुद्रावर होता. तिला त्यानें प्रथम जवळ घेतलें तें ती पांच महिन्यांची झाल्यावर. हें त्यानें चादर ताणून बसवितां बसवितां सांगितलें, आणि पाण्याचा तांब्या भरून ठेवून तो पुढल्या खोलीकडे गेला.

आपल्या जुन्या खेड्यांत सुतार, लोहार, कुंभार यांना बलुतें मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांवगाडा’ (१९१५) या ग्रंथांत त्या व्यवस्थेचें सविस्तर वर्णन आहे. तींत जातीचा अन्याय ठांसून भरलेला होता, आणि तिचा गौरव करण्याची माझी मुळींच इच्छा नाहीं. पण निदान शब्दांत तरी ती एक भेद जाणत होती: खळ्यावरचें बलुतें हा कामाचा हक्क, आणि सणाची पोस्त ही देणाऱ्याची खुशी. विहार-जहाजाच्या मालकांनीं हा भेदच पुसून टाकला आहे. बलुत्यालाच पोस्त हें नांव दिलें कीं तीन गोष्टी साधतात. जाहिरातींतलें भाडें लहान दिसतें. उतारूला आपण दाते आहों असें वाटतें. आणि तो रागावला तर त्याचा राग मालकाऐवजीं चादर घालणाऱ्यावर पडतो.

म्हणून माझें मत असें कीं, त्या रांगेंतल्या उतारूंची तक्रार खरी आहे, फक्त ती चुकीच्या दारीं नेलेली आहे. कॉफी, किटली आणि हिंग यांच्या तक्रारी समुद्रांत सोडून द्याव्या. ही मात्र सोडूं नये. ती कंपनीकडे न्यावी, आणि मजुरी सरळ भाड्यांत घाला, मग भाडें केवढेंही दिसो, असें सांगावें. कांहीं थोड्या कंपन्या असें करितातही. तसें झालें तर आमचे बँकवाले मित्र शेवटच्या दिवशीं तरीही चाळीस डॉलर घेऊन आपल्या नोकराला शोधीत जातील, याविषयीं मला शंका नाहीं. मग त्या चाळीस डॉलरांना खुशी म्हणतां येईल.