मूल बोलेपर्यंत

सकाळी बहरीनमधल्या ईसा टाउनमध्ये शाळांच्या बसगाड्यांची रांग लागते. 1950 साली सुरू झालेल्या इंडियन स्कूलचं मोठं संकुल इथलंच; चिमुकल्यांचे वर्ग रिफाला. एकेका बाकावर मल्याळी, तेलुगू, कोकणी, मराठी घरांतली मुलं. घरची भाषा एक, वर्गात इंग्रजी, खेळताना हिंदी, दुकानात अरबी कानावर. यातलं एखादं मूल गप्प राहिलं, की त्याच्यावर ‘लाजाळू’ असा शिक्का मारलेला मला खपत नाही.

*

उन्हाळ्यात दारं-खिडक्या बंद, एसी चालू. आजी व्हिडिओ कॉलवर. “जेवलास का?” “हो.” संपलं. ओटा नाही, शेजारच्या काकू नाहीत. सलग चार वाक्यं बोलायची संधी मग शाळेनेच द्यायला हवी.

*

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबलं, की उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारीही बोलू लागतात. दुसऱ्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्याला तर याहून जास्त वेळ हवा.

सीनियर केजीतल्या एका मराठी मुलाला विचारलं, सुट्टीत काय केलंस? गप्प. शेजारची मुलगी त्याच्या वतीने सांगायला उठली, तिला हातानेच थांबवलं. तो बुटाचा पट्टा उघडत-लावत होता. मग आलं: “डस्ट आली. बाबांच्या कारवर. मी बोटाने नाव लिहिलं. मग ना, बाबांनी कार धुतली. नाव गेलं.” काय झालं, मग काय झालं, कशामुळे झालं, सगळं होतं त्यात! ‘डस्ट’ला ‘धूळ’ म्हणायला लावलं असतं, तर तो तिथेच थांबला असता.

*

गणेशोत्सवात मुलं घडाघडा भाषणं म्हणतात. सभाधीटपणा येतो, चांगलंच आहे. पण आईने लिहून दिलेलं म्हणून दाखवणं वेगळं, आणि समोरच्याचं ऐकून आपलं सांगणं वेगळं.

*

शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि फसतो. मग गोष्ट सांगू लागतो, तेव्हा तीच मुलं कान देऊन बसतात. ‘गप्प बसा’ म्हणून ऐकणं शिकवता येत नाही, हे गिजुभाईंनी किती आधी ओळखलं होतं!

*

“घरी इंग्रजीच बोला,” असा सल्ला पालकांना अजून मिळतो. मी उलट सांगते: मराठीत भरपूर बोला. ज्याला मराठीत गोष्ट रचता येते, त्याला इंग्रजीत फक्त शब्द शोधायचे उरतात.

*

सीबीएसईने मध्यंतरी बोलण्या-ऐकण्याची चाचणी आणली, तीही नववी-अकरावीला. फार उशीर. 2021 च्या निपुण भारत अभियानात मौखिक भाषेला बालवयापासूनच जागा मिळाली, याचं मला मनापासून बरं वाटलं.

*

दुसरीचा खेळ. दोघं पाठीला पाठ लावून. एकाच्या हातात चित्र. त्याने सांगायचं, दुसऱ्याने काढायचं. “घराजवळ खजुराचं झाड काढ.” पेन्सिल हलेना. “कुठल्या बाजूला? दाराच्या की खिडकीच्या?” या प्रश्नासाठीच तर खेळ मांडलेला असतो.

पुढच्या वेळी जोड्या बदलायच्या. मराठी मुलाबरोबर मल्याळी, म्हणजे अडलं की घरच्या भाषेत शिरायची पळवाट बंद.