हरणाऱ्याचा प्रश्न

२३ नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या निकालाच्या दिवशी मी शिरूरहून न्हावरे-चौफुलामार्गे दौंडला मामूंकडे गेलो होतो. दोन्ही जागा महायुतीकडे गेल्या होत्या. मी चिडून म्हणालो, "मशीनच खोटं. पुढच्या वेळी मत द्यायला जाणारच नाही."

मामू शांतपणे म्हणाले, "जूनमध्ये लोकसभेला शिरूरमधून कोल्हे निवडून आले, तेव्हा मशीन खरं होतं का? आणि दौंडला २०१९ ला ७४६ मतांनी निकाल लागला होता. आपण घरी बसलो तर हरवायला मशीनही लागणार नाही."

मला उत्तर सुचलं नाही.

पण शंका घेणं हा गुन्हा नाही. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने डिसेंबरमध्ये मतपत्रिकेवर स्वतःच पडताळणी करायचं ठरवलं, तर जमावबंदी लागली. जून २०२५ मध्ये विरोधी पक्षनेते राहुल गांधींनी महाराष्ट्राच्या मतदार यादीवर बोट ठेवलं. आयोगाने आरोप फेटाळले. विरोधी नेत्याने विचारलंच पाहिजे, आयोगाने कागद दाखवून उत्तर दिलंच पाहिजे. मात्र नुसतं 'सगळं चोरलं' एवढंच ऐकू आलं, तर आधी आपलीच माणसं मतदान सोडतात. आम्हा मुसलमानांना ते परवडणारं नाही.

परवा आमच्या गल्लीची यादी काढून बसलो. एक नाव दोनदा, एक मयताचं. शेजारच्या मुलीला अठरा पूर्ण झाली, तिचं नावच नव्हतं. तिचा सहा नंबरचा फॉर्म भरून दिला आणि मामूंना फोन केला.