जनाची आणि मनाची

'जनाची नाही, निदान मनाची तरी' असे आपण सहज बोलून जातो. लाजेला दोन घरे असतात. एक पडले तरी दुसरे उरते, हे या म्हणीत गृहीत धरलेले आहे. मामांच्या आजारपणापासून मला या गृहीतकाचीच शंका येऊ लागली आहे.

मामा रोह्याचे, संस्कृतचे निवृत्त शिक्षक आणि कमालीचे भिडस्त. पेणला आमच्याकडे जेवायला आले की दुसरा पापडही मागून घेत नसत. साठीनंतर तेच मामा शेजारच्या पानातला पापड उचलू लागले, सांत्वनाला गेलेल्या घरी मोठ्याने हसू लागले. स्मरण मात्र शाबूत होते; शब्दरूपे, धावीर महाराजांच्या पालखीचा मार्ग, सारे मुखोद्गत. त्यामुळे आजाराची शंका कुणालाच आली नाही. 'उतारवयात स्वभाव बिघडला', असा निकाल आप्तांनी देऊन टाकला. पुढे मुंबईत निदान झाले ते फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचे.

या विकाराचे पहिले वर्णन प्रागच्या आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये केले. तरी आपल्या मनातले चित्र अल्झायमरचेच असते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'मधील शास्त्रीबुवांची स्मृती जाते, जिव्हाळा उरतो. मामांचे नेमके उलट झाले. 'स्मृतिभ्रंश' हा आपला शब्द त्यांच्यापुरता निरुपयोगी आहे.

कॅलिफोर्नियातील संशोधकांनी अशा रुग्णांना गाणे म्हणायला लावले आणि मागचे संगीत काढून त्यांचे त्यांनाच ते चित्रण दाखवले. निरोगी माणसे अशा वेळी ओशाळतात. या रुग्णांत ते ओशाळणे फारच कमी आढळले. मेंदूच्या पुढील भागातील सिंग्युलेट कॉर्टेक्स जितके झिजलेले, तितका संकोच कमी.

मामांना विचारले, तर 'दुसऱ्याच्या पानातले घेऊ नये' हे ते ठामपणे सांगतात; सांगता सांगताच हात पुढे जातो. नियम पाठ आहे, टोचणी नाही. (सुभाषिते शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना हे जरा अस्वस्थ करणारेच.) मराठीत माणूस लाज करत नाही, त्याला ती 'वाटते'. मामांना ती वाटेनाशी झाली आहे, एवढेच.

ती आता मामीला वाटते, दोघांच्या वाटची. लग्नकार्याला जाण्यापूर्वी ती यजमानांना फोन करून सारे सांगून ठेवते. पंगतीत मामांच्या डाव्या हाताला स्वतः बसते, उजवीकडे मला बसवते, आणि पान वाढून होताच आपला पापड त्यांच्या पानात सरकवते.