तार की बिनतार?

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर आलेले हे पाणी पुढे गच्चीवर चढवायचे काम मोटरचे, आणि टाकी भरली का ते पाहायचे काम आजोबांचे. वय ७८, जिने तीन. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा मी जाहीर केले, "आजोबा, आता तुम्ही खालीच बसायचं. टाकी स्वतःच सांगेल."

महाराणी रोडवरून सुटे भाग आणले. टाकीवर पातळी मोजणारा सेन्सर, खाली आकडा दाखवणारा छोटा पडदा आणि दोहोंच्या मध्ये ब्लूटूथ. तार ओढणे हे वायरमनचे काम. आपण पडलो इंजिनिअरिंगचे विद्यार्थी! टेबलावर यंत्र झकास चालले. आजीने खूश होऊन करंज्यांची बशी पुढे केली.

दिवसा जिन्याचे लोखंडी दार उघडे असे, तेव्हा निरोप कसाबसा खाली पोचे. तिसऱ्या दिवशी पहाटे दार बंद होते. पडद्यावर '६०' होते ते '६०'च राहिले. टाकी भरून वाहिली, पाणी जिन्यात आले. आवाज ऐकून आजोबा अंधारात वर धावले आणि घसरले. मनगटावर निभावले. पण त्यांच्या हाताचे प्लास्टर पाहून मला करंजी गोड लागेना.

धारवाडचा माझा रूम पार्टनर फोनवर एवढेच म्हणाला, "तार ओढ." ओढली, चांगली २० मीटर. तर मोटर सुरू झाली की आकड्यांऐवजी भलतीच अक्षरे! पाच व्होल्टचा साधा सीरियल संकेत वीत-दोन वीत अंतरासाठी ठीक. तेव्हा आरएस-४८५ची ओळख झाली. मानक १९८३चे, म्हणजे माझ्याहून कितीतरी वडील. दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेतात आणि खालची चिप त्यांच्यातला फरक तेवढा वाचते. मोटरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच चढतो, त्यामुळे फरकात तो उरत नाही. वेग कमी ठेवला तर निरोप १२०० मीटरपर्यंत जातो. आमची गच्ची त्यापुढे काय!

बिनतार वाईट, असे मी म्हणणार नाही. शेतातल्या विहिरीवर तार नेली तर चोर ती ठेवतील का? आणि खरे सांगायचे तर चूक ब्लूटूथची नव्हतीच. निरोप आला नाही तर काय दाखवायचे, हे मी ठरवलेच नव्हते. आता दहा सेकंद निरोप आला नाही, की घंटी वाजते.

परवा आईचा फोन आला. खारीने तार कुरतडली, घंटी वाजली, आजोबांनी खालूनच मोटर बंद केली. मग ऊन पडल्यावर सावकाश वर जाऊन तार जोडून आले. त्यांना वर जायला निमित्तच हवे होते, असे आईचे म्हणणे.